धुकेगडचा बर्फ आणि माझी तेलाची कुपी

मला बर्फातलं काही म्हणजे काही कळत नाही. तरी मी भर दरबारात सांगून बसले, "महाराज, येत्या पौर्णिमेला पहाटे बर्फ पडणार!"

आता तुम्ही म्हणाल, गजराबाई, तुमचं काम महाराजांच्या अंघोळीचा बंब पेटवायचं. तुम्हाला विचारलं कुणी? विचारलं ना! तिथंच तर घोळ झाला.

माझ्या खिडकीत खोबरेल तेलाची एक कुपी टांगलेली असते. रोज उठलं की मी ती हलवून बघते. तेल पातळ असलं तर दिवस बरा जाणार. थिजलं असलं तर थंडी! त्या हिवाळ्यात कुपी रोजच थिजलेली. मी रोज सगळ्यांना सांगायची, "आज गारठा वाढणार बरं का." आणि वाढायचाच! पौष महिन्यात, डोंगरावर! पण लोकांचं काय, दोन-चारदा खरं ठरलं की लागले नमस्कार करायला. मग मीही जरा पदर सावरून चालायला लागले.

आमचे रणधीरराजे एरवी लोण्यासारखे मऊ. पण साडूचं नाव निघालं की संपलं! साडूचं राज्य उत्तरेला. तिकडून निरोप आला, 'आमच्याकडे गुडघाभर बर्फ पडला. तुमच्याकडे?' महाराजांनी त्याच दिवशी लोकरीचा जाडजूड अंगरखा शिवायला टाकला आणि मला बोलावणं धाडलं.

"गजराबाई, आपल्याकडे बर्फ कधी?"

'कधीच नाही' म्हणायला मी तोंड उघडलंही होतं हो! पण सगळा दरबार माझ्याकडे बघत होता. दिवाणजीसुद्धा! मग तोंडातून निघालं ते, "पौर्णिमेला."

"आणि नाही पडला तर?"

"पडणारच!"

"नाही पडला तर अंगणातल्या हौदात गळ्याएवढ्या पाण्यात बसायचं. बर्फ पडेपर्यंत!"

घरी येऊन मी धाकट्या जावेसमोर बसकण मारली. मैना तिचं नाव. राजवाड्यातल्या रजया उन्हात घालायचं आणि झटकायचं काम तिच्याकडे. सगळं ऐकून तिनं विचारलं,

"जाऊबाई, धुकेगडावर आजवर बर्फ पडलाय कधी?"

"अगं, माझ्या पणजीनंही नाही पाहिला!"

"मग हौदात किती दिवस बसायचा विचार आहे?"

"मैना!"

"तसं नाही. तेवढे दिवस तुमच्या वाटचं धुणं मी करीन म्हटलं."

पौर्णिमेची पहाट उजाडायच्या आत सगळं गाव अंगणात हजर. हौद काठोकाठ भरलेला. मी पाण्यात बोट घालून बघितलं, तर बोट माझंच आहे का ते कळेना! महाराज वरच्या सज्जात बसलेले. अंगावर रजयांवर रजया, दोन्ही बाजूंना शेगड्या, बाहेर नुसतं नाक.

"गजराबाई, बर्फ कुठाय?"

मी आभाळाकडे बघितलं. आभाळानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"उतरवा यांना हौदात!"

मी एक पाय काठावर ठेवला, तेवढ्यात मैना पुढे झाली.

"थांबा महाराज! जाऊबाईंनी अंदाज अर्धाच सांगितलाय. उरलेला मी सांगते."

"अर्धा?"

"बर्फ आपल्याकडे पहिल्यांदाच येतोय. नवा पाहुणा! नवे व्याही आले की यजमान वेशीपर्यंत सामोरा जातो, की सज्जातनंच 'या, या' म्हणतो?"

"छे छे! सामोरं जायलाच हवं!"

"मग हा घ्या पक्का अंदाज. ज्या पहाटे महाराज रजईशिवाय, शेगडीशिवाय, अनवाणी वेशीवर येऊन उभे राहतील, त्या पहाटे बर्फ पडणार! नाही पडला तर जाऊबाईंच्या शेजारी मीही हौदात!"

"एवढंच?" महाराज गरजले. "हा आलोच!"

वरची रजई गेली. दुसरी गेली. तिसरी अर्ध्यावर आली आणि सणसणीत शिंक आली! तिसरी परत अंगावर. दुसरी परत. पहिलीही परत.

"आज मुहूर्त नाही!" असं म्हणून महाराज आत गेले.

दुसऱ्या पहाटे त्यांनी पायाचा अंगठा रजईबाहेर काढला. चौघडेवाल्यानं उत्साहानं चौघडा वाजवला. अंगठा दचकून आत! "उद्या बघू!"

तिसऱ्या पहाटे दिवाणजींना राहवेना. "महाराज, या बाईला खोटं ठरवायचं तर खाली यावं लागेल!"

"पण खाली थंडी आहे ना हो!"

"थंडी नको आणि बर्फ हवा?" मैना खालून म्हणाली. "मग बर्फानंच रजई पांघरून यावं का, महाराज?"

गाव खुसूखुसू हसायला लागलं. महाराज सज्जातून खाली वाकून म्हणाले, "मैना, खरं सांग. तुला बर्फातलं काय कळतं?"

"काही नाही. आमच्या घरात एक जाणकार आहेत, तेवढ्या पुरे."

"मग अंदाज बांधलास कसा?"

"बर्फाचा कुठे बांधला? तुमचा बांधला! तुमच्या रजया रोज मीच गोळा करते, महाराज. सूर्य डोक्यावर आला तरी त्या सुटत नाहीत! आभाळ काय करील ते मला सांगता येत नाही. तुम्ही काय करणार नाही, ते येतं!"

महाराज हसले. असे गदागदा हसले की सगळ्या रजया सज्जातून खाली अंगणात! मग हसता हसताच ओरडले, "अरे, त्या आधी वर द्या!"

हौद रिकामा झाला. लोकरीचा अंगरखा मैनाला बक्षीस मिळाला. आणि साडूला निरोप गेला, 'आमच्याकडे बर्फ रोज वेशीपाशी येऊन थांबतो. आम्हीच त्याला भेट देत नाही.'

घरी आल्यावर माझ्या जिवात जीव आला. लगेच खिडकीतली कुपी हलवून बघितली. दगडासारखी घट्ट!

"मैना, बघ गं, तेल कसं थिजलंय! मी सांगते, उद्या खराच पडणार!"

अंगरख्याचे बंद बांधता बांधता मैनानं कुपीकडे बघितलं.

"जाऊबाई, त्यात दसऱ्यापासून तूप आहे."