सोळा वर्षांत न उडालेली ठिणगी

"पण मास्तर, सोळा वर्षांत एकदा तरी ठिणगी उडाली का?"

"नाही," तांडेलमास्तर म्हणाले.

"मग?"

मास्तरांनी खुंटीवरची लांब काठी हातात घेतली...

समुद्राकाठच्या टेकडीवरचं ते रेडिओ केंद्र. आवाज पार आडगावापर्यंत पोचवणारा अवजड अ‍ॅम्प्लिफायर तिथे अख्खी खोली अडवून बसला होता. दर मंगळवारी सकाळचं प्रसारण संपलं की तो दोन तास बंद ठेवायचा, आतली धूळ आणि खाऱ्या वाऱ्याने धरलेला थर पुसायचा, ढिले स्क्रू आवळायचे, असा रिवाज होता.

मास्तरांचा मात्र त्याआधीचा एक नेम असे. यंत्र बंद केलं तरी त्याच्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, माणूस जागच्या जागी जाईल इतकी. म्हणून तांब्याचा आकडा बसवलेली आणि तारेने जमिनीशी जोडलेली एक लांब काठी आधी त्याला टेकवायची. तीनदा. वीज उरली असेल तर ठिणगी उडून जमिनीत जाईल. त्यानंतरच आत हात घालायचा.

रेवती शेजवलकर सुवर्णपदक मिळवून या टेकडीवर आली, त्याला सहा महिने झाले होते. एकटीने यंत्र उघडायच्या परवान्यावर मास्तरांची सही हवी होती. तिच्यामागून आलेल्या दोघांना ती मिळालीसुद्धा. हिच्या हातात अजून फडकंच. तिला ते फार लागलं होतं.

"मीटर शून्य दाखवतोय," ती म्हणाली. "वीज आपोआप जिरायची सोय आतच केलेली आहे. तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, मास्तर. आपण न पोळताच फुंकत बसलोय."

मास्तर हसले. उपमा त्यांना आवडली असावी.

"मीटर शून्य?"

"शून्य."

"नक्की ना, बाय?"

"शंभर टक्के."

"मग आज काठी नको."

त्यांनी काठी खुंटीला अडकवली. यंत्राची किल्ली नेहमीसारखी गळ्यात घातली. दार उघडलं. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि सावकाश हात आत नेला.

रेवतीने मीटरकडे पाहिलं. काटा शून्यावर होता.

बिघडलेल्या मीटरचा काटाही शून्यावरच असतो... हे तिला आत्ताच का आठवावं? आणि वीज जिरवणारी ती आतली सोय, ती शाबूत आहे हे तरी कोणी पाहिलं होतं?

मास्तरांचा हात आता कपॅसिटरपासून वीतभर दूर होता.

"मास्तर, थांबा!"

हात थांबला.

तिने खुंटीवरची काठी ओढली, मास्तरांना कोपराने बाजूला सारलं आणि आकडा टेकवला. एकदा. दोनदा. तीनदा.

काही झालं नाही.

ठिणगी नाही, आवाज नाही. खिडकीतून समुद्राची गाज तेवढी ऐकू येत होती.

रेवती ओशाळली. आपल्या थोर शिक्षणाचा तिला त्या घडीला रागच आला. मास्तरांना ढकललं याची लाज वाटली ती वेगळीच.

"शून्यच होतं," ती पुटपुटली. "उगाच घाबरले मी."

मास्तरांनी चष्मा लावला. खिशातून घडी घातलेला कागद काढला, यंत्राच्या दारावरच टेकवून त्यावर सही केली आणि तिच्या हातात दिला.

तो परवाना होता. तिने दोनदा वाचला. तरी विश्वास बसेना.

"पण मास्तर... ठिणगी तर उडालीच नाही."

मास्तरांनी फडकं उचललं आणि पुसायला सुरुवात केली.

"उडाली असती, तर आज सही दिली नसती. पोळल्यावर कोणीही फुंकतं, बाय."