ठकूमायचा गुलाब

ऐका. फार मागची गोष्ट. तेव्हा घाटाला सडक नव्हती, नुसती पायवाट होती. घाटमाथ्यावरच्या कुसरवाडीत ठकू नावाची माळीण राहायची. तिच्या परसात, थंड वाऱ्यावर, गुलाब असे फुलायचे की एक फूल ओंजळीत मावत नसे, असं म्हणतात.

तिनं एकुलती लेक तानी खाली खाडीकाठच्या गावात दिली. तिथली हवा उकाड्याची, जमीन खारी. वर्षाच्या आत पोरगी सुकली. जेवेना, बोलेना. तिची सासू चंद्री म्हणाली, "वरची माणसं इथं तगायची नाहीत. घेऊन जा हिला." तानीला जायचंही नव्हतं आणि राहवतही नव्हतं.

ठकूनं परसातला एक गुलाब मुळासकट आणून लेकीच्या अंगणात लावला. पावसाळ्यात मुळं कुजली. पुढच्या वर्षी उंच वाफा करून लावला, तर खाऱ्या मातीनं पानं करपली.

"बघितलंत?" चंद्री म्हणाली.

तेव्हा ठकू गावभर विचारत हिंडली, "तुमच्याकडं आपोआप काय उगवतं?" तळ्याच्या बांधावर तिला रानगुलाब दिसला. नखाएवढी फुलं, पण खाऱ्या वाऱ्यात मजेत उभा. तो तिनं अंगणात आणला. पाऊस सरल्यावर कुसरवाडीहून ओल्या फडक्यात फांदी आणली, रानगुलाबाच्या सालीला चीर दिली, त्यात फांदीवरचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवला आणि केळीच्या सोपटानं आवळून बांधला.

"विहीणबाई, काट्याला कसली मलमपट्टी करता?"

"पाय तुमचे, डोळा आमचा," ठकू म्हणाली. "आता सासूसुनेनं मिळून पाणी घाला."

दोघी पाणी घालू लागल्या. आधी गुपचूप, मग बोलत. डोळा फुटला त्या दिवशी तानीनं आपणहून भात मागून घेतला. आणि फूल आलं ते सुपाएवढं, असं म्हणतात. धुक्यात वाट चुकलेल्या होड्या त्याच्या वासावर किनाऱ्याला लागल्या, असंही म्हणतात.

पुढं ठकूमाय गावोगाव फिरली. कोरड्या मुलखात तिथल्याच रानझाडाच्या खुंटावर डोळा भरला, वर कडब्याची सावली केली. ती कुठं वारली ते ठाऊक नाही. तीन गावं म्हणतात, "आमच्याकडं."

कुसरवाडीची मुलगी आजही सासरी जाते ती गुलाबाची फांदी घेऊन. सासूनं तिथला खुंट तयार ठेवायचा, विहिणींनी मिळून डोळा बांधायचा. तो फुटेपर्यंत मुलीची आई तिथंच राहते. एरवी लेकीच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या बायका तेव्हा निवांत पंगतीला बसतात, आणि त्यांना कधी निघणार, असं कुणी विचारत नाही.