पुलावरची उलटतपासणी

इंदुमती खरमाटे या तालुका कोर्टातल्या नावाजलेल्या वकील. आमदार होताच त्यांनी विधानसभेत गावच्या तडे गेलेल्या पुलाचा प्रश्न लावून धरला.

बांधकाममंत्री खुर्चीत रेलून हसले. “बाई, हे तुमचं तालुका कोर्ट नव्हे. पूल ठणठणीत आहे.”

“भरलेला ट्रक गेला तर?”

“दहा जाऊ द्या!”

“मग सोमवारी पलीकडच्या सभेला आपणही पुलावरूनच येणार ना?”

मंत्री चाचरले. “मी... हेलिकॉप्टरनं येतोय.”

इंदुमतीताई अध्यक्षांकडे वळल्या. “अध्यक्ष महोदय, ज्या पुलावर मंत्री पाय ठेवायला धजत नाहीत, त्याच्यावरून आमची पोरं रोज शाळेत जातात. सरकारनं त्यांनाही हेलिकॉप्टर द्यावं. परवडत नसेल, तर पूल बांधावा.”

विरोधकांआधी मंत्र्यांच्याच बाकांवर हशा पिकला. नवा पूल त्याच दिवशी मंजूर झाला.