साळूचा पंजा आणि तीस रेघा

एका डोंगराळ जंगलात एक तरुण साळू राहत असे. खणण्यात तिचा हात धरणारे तिथे कुणी नव्हते. रोज चार कंद या मजुरीवर ती अस्वलाची गुहा रुंद करत होती. एके दिवशी छताचा दगड निखळला आणि तिचा उजवा पंजा चिरडला. आता मुलांनो, त्या जंगलात दोन रीती होत्या. ज्याच्या कामावर इजा झाली, त्याने जखम भरेपर्यंत रोज सकाळी स्वतः जखमीच्या बिळाशी कंद नेऊन द्यायचे. आणि ज्याला इजेमुळे काम करता येत नाही, त्याला कासव सांभाळत असलेल्या सर्वांच्या सामाईक कोठारातून रोज तीन कंद मिळायचे.

अस्वल दोन सकाळी आले. सारे जंगल टकमक बघत होते, ते त्याला सोसेना. तिसऱ्या दिवशी त्याच्या वतीने कोल्हा आला. "साळूताई, रोज रोज थोडे कशाला? हा घे एकशेवीस कंदांचा ढीग! फक्त हिशेब मिटला म्हणून या पानावर पंजा उमटव." पानावर तीस रेघा ओढलेल्या होत्या. "या कशाच्या?" साळूने विचारले. "तीस दिवसांच्या. रोजचे चार, म्हणजे तुझी पूर्ण मजुरी! अजून काय हवं?" एवढा गोडवा ऐकून साळूचे काटे उभे राहिले. शेजारची म्हातारी घोरपड खेकसली, "अगं, उमटव पंजा! मोठ्यांना प्रश्न विचारायचे नसतात. आणि कोठारातलेही तीन घेत राहा. कासवाला सांगतंय कोण?" साळू म्हणाली, "मावशी, तुमचा पाय मोडला तेव्हा तुम्ही असंच केलंत ना? मग तुमचं कोठार का बंद झालं?" घोरपड तोंड फिरवून बसली.

साळू लंगडत कोठाराच्या कासवाकडे गेली. तिचा त्याच्यावरही विश्वास नव्हता. "नियम ऐकवू नका, माझं काय होईल ते सांगा," ती म्हणाली. कासव सावकाश बोलले, "अस्वलाचे आणि कोठाराचे मिळून रोज चारच. धडधाकट असताना तुला मिळायचे तेवढेच. पानावर रोजचे चार लिहिलेस, तर माझ्याकडून एकही नाही." "आणि तीस दिवसांनंतर?" "तीसच रेघा म्हणजे तेवढ्यात पंजा बरा होतो, हे तूच कबूल केलंस. मग अधू म्हणून कंद कसे देऊ?" साळूने पुढे विचारले, "आणि तोच ढीग रोज एक असा, एकशेवीस दिवसांचा लिहिला तर?" "तर उरलेले तीन रोज माझ्याकडून. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं." "तुम्ही कधी आपणहून सांगितलंत का?" कासवाने मान आत घेतली.

"एकशेवीस रेघा ओढा," साळूने परत येऊन कोल्ह्याला सांगितले, "आणि खाली लिहा, तोवर पंजा उकरता झाला नाही तर पुन्हा बघू." कोल्हा हसला. "एवढं या पानावर मावत नाही, बाई." "मग सागाचं पान आणा. नाहीतर उद्यापासून अस्वलकाकांनाच पाठवा. मी बिळाच्या तोंडाशी बसलेली असेन, साऱ्यांना दिसेल अशी." कोल्ह्याचे हसू मावळले. त्याने सागाचे पान आणले, खाली हवे ते लिहिले, रेघा ओढल्या. "झालं ना आता?" साळूने एकेक रेघ मोजली. भरल्या एकशेएकोणीस. "एक राहिली," ती म्हणाली. कोल्ह्याने ती ओढेपर्यंत तिचे काटे उभेच होते. मग तिने आपला चिरडलेला पंजा पानावर उमटवला.

तात्पर्य : इजेची भरपाई घेताना ढीग किती मोठा आहे एवढेच पाहू नका, तो किती दिवसांचा म्हणून लिहिला आहे आणि त्यामुळे आपला दुसरा कोणता हक्क बुडतो, हे आधी विचारा. "विचारू नकोस" असे सांगणारे वयाने मोठे असले, तरीही विचारा.