शूलपाल राजाचा वण

एका राज्यात, जिथे नद्या डोंगर चढत आणि ढग विहिरीवर पाणी प्यायला उतरत, तिथे या सगळ्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल करावं ते तिथल्या माणसांचं. ज्याच्या अंगावर जितके वण, तितका तो दरबारात सिंहासनाजवळ बसे. जखम झाली रे झाली की लोक कमरेची पुरचुंडी सोडत आणि जखमेत राख चोळत, म्हणजे वण जाड उठे, उंच उठे, लांबून दिसे. कुणी शूर माणूस जखमी दिसला, तर त्याच्या जखमेत आपल्या पुरचुंडीतली राख घालणं हा मोठा मान समजला जाई. प्रधानजींना लढाईचा योग कधी आला नव्हता. पण लहानपणी ते शेवग्यावरून पडले होते, आणि तेवढ्या एका वणावर त्यांनी दुसऱ्या रांगेतली जागा पटकावली होती.

पहिली जागा अर्थात राजा शूलपालाची. तरुणपणी त्याने रानात पांढऱ्या सांबरराजावर बाण सोडला होता. तेव्हा सांबरराजाची शिंगं कोवळी होती, मखमली कातडीची, आतून रक्त खेळणारी. अशा दिवसांत सांबराच्या वाटेला जाऊ नये, हे रानातलं शेंबडं पोरही जाणतं, पण राजाला कोण सांगणार? बाण शिंगात रुतला. सांबरराजाने खुराच्या एका फटक्यात राजाचा खांदा फोडला. राजाने तिथल्या तिथे जखमेत राख चोळली आणि गर्जना केली, "ही खूण मी जन्मभर मिरवीन!"

सांबरराज माणसाच्या वाणीने म्हणाला, "मिरव. आजपासून तुझ्या राज्यातला प्रत्येक वण वाढत राहील."

आधी दरबाराला आनंदाचं भरतं आलं. बसल्या जागी मान वाढतो आहे म्हटल्यावर कोण नको म्हणेल? पण वण थांबेनात. विणकरांची बोटं एकमेकांना जखडली. सेनापतीला वाकता येईना, त्याचे जोडे दुसरा कुणी बांधू लागला. प्रधानजींची मान एका बाजूला वळली ती वळलीच. राजाचा वण खांद्यावरून गळ्याशी आला, झाडाच्या सालीसारखा टणक, आणि राजा श्वास घेई तेव्हा बारीक शीळ वाजे. चैत्रात राजमांत्रिक भस्मनाथाने पाण्यात पाहून सांगितलं, "कार्तिक उजाडेल तेव्हा हा वण गळा आवळील. उपाय एकच. सांबरराजाच्या शिंगावरची मखमल, आणि तीही त्याने आपखुशीने दिलेली."

सगळा दरबार जमिनीकडे पाहू लागला. प्रधानजींना तेही जमेना.

"मी जाते," असा आवाज दारातून आला. ती राजकन्या रेवंती. तिच्या अंगावर एकही वण नव्हता, म्हणून राजाची एकुलती एक लेक असूनही तिची जागा दाराशी होती. बापाचा जीव तिच्यावर फार आणि तिचा बापावर त्याहून फार. पण रीत ती रीत. राजाने स्वतःच्या हाताने तिच्या कमरेला राखेची पुरचुंडी बांधली आणि म्हणाला, "खूण घेऊन ये, बाळ." त्याला वाटलं, तो आशीर्वादच देतो आहे.

रानाच्या वेशीवर एक काळा कोतवाल पक्षी बसला होता, शेपटी दुभंगलेली आणि तोरा खऱ्या कोतवालाचा. तो सांबरराजाचा राखणदार.

"कोण? कुठली? काय काम?"

"शूलपालाची लेक. मखमल मागायला आले."

"तीन कामं करशील तर मिळेल. तुझ्या बापाचा बाण शोधून आण. महाराजांची शिंगं गळतील तेव्हा त्यांची राखण कर. आणि नवी शिंगं येईपर्यंत काही करू नकोस."

"काही म्हणजे?"

"काहीच नाही. हेच सगळ्यांत अवघड आहे." कोतवालाने मोठ्या गंभीरपणे पंख साफ केले.

बाण होता साळिंदरांच्या गुहेत. दरवर्षी गळलेली शिंगं साळिंदरं तिथे ओढून नेत आणि कुरतडत बसत. गुहेत शापित रत्नांचे ढीग होते. रत्नाला हात लागला की माणसाला काटे फुटत आणि तो साळिंदर होई. म्हणूनच तिथल्या बऱ्याच साळिंदरांना अजून मुकुटाची सवय होती. रेवंती रत्नांमधून अंग चोरत गेली आणि बाणाचं गंजकं टोक रुतलेलं एक जुनं शिंग तिने उचललं.

"रत्नं नकोत?" एका म्हाताऱ्या साळिंदराने विचारलं.

"मला माझ्या तातांचा श्वास हवा."

साळिंदर बाजूला झालं. "आम्हाला हे सुचलं असतं तर," ते म्हणालं आणि पुन्हा शिंग कुरतडू लागलं.

वैशाखातल्या एका सकाळी सांबरराज झऱ्याकाठी उभा असताना त्याचं एक शिंग टपकन गळून पडलं, आणि लगोलग दुसरं. कपाळावर दोन लालभडक जखमा उघड्या पडल्या. वास लागायला वेळ तो किती! रानकुत्र्यांची टोळी झाडीतून बाहेर आली. रेवंतीजवळ ना ढाल ना तलवार. तिने गळलेली दोन्ही शिंगं उचलली, आपल्या डोक्याला लावली, मान खाली घातली आणि अशी डरकाळी फोडली की कोतवाल फांदीवरून खाली पडता पडता वाचला. एका कुत्र्याने तिच्या हाताला चावा घेतला, पण शिंगाची ढुशी बसताच ते केकाटत पळालं आणि त्याच्यामागे सगळी टोळी पळाली. रेवंती शिंगं धरून स्वतःभोवती गरगर फिरली आणि खदखदून हसली. सांबरराजही नाकातून हसला.

आणि त्या आनंदाच्या भरात तिने केलं काय? तिच्या देशातलं कुणीही शहाणं माणूस करील तेच. तिने पुरचुंडी सोडली आणि मोठ्या आदराने सगळी राख सांबरराजाच्या जखमांत चोळली.

"अगं बये!" कोतवाल किंचाळला. "हात आवर! हात आवर!"

राख बसताच जखमांवर साल धरू लागली, कोरडी आणि करडी. सांबरराजाची मान वाकली. "तुझ्या देशात हा मान असेल, मुली," तो म्हणाला. "इथे ही भिंत आहे. भिंतीतून शिंग उगवत नाही."

रेवंतीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण रडत बसायला ती आली नव्हती. पळसाच्या पानांचे द्रोण करून तिने झऱ्याचं पाणी आणलं आणि थेंब थेंब सोडून राख भिजवली, कण न् कण धुऊन काढला. सूर्य डोक्यावरून उतरला तेव्हा जखमा पुन्हा लाल झाल्या. तिने पुरचुंडी झऱ्यात सोडून दिली. मग तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. चाव्यातून रक्त येत होतं.

"याचं काय करू?" तिने विचारलं.

"जे माझ्या जखमांचं करणार आहेस तेच," सांबरराज म्हणाला. "माझ्या शेजारी बस."

ती बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली, कारण हात ऐकत नव्हते. कोतवाल माश्या टिपत होता आणि मधूनमधून तिच्यावर नजर ठेवत होता. जखमेच्या कडेकडेने नवी कातडी आत सरकली, हळू, घाई न करता. जिथे कातडी मिळाली तिथे रेघसुद्धा उरली नाही, आणि त्या जागी एक कोंब वर आला. आषाढात तो दुधीच्या वेलासारखा वाढला. रेवंतीने त्यावर तळहात ठेवला, तर तो मऊ होता, ऊबदार होता, आणि आत रक्त धडधडत होतं. शिंग जिवंत आहे हे तिला हाताने कळलं आणि ती इतकी सुखावली की दिवसभर गाणीच गात राहिली. तिच्या हातावरचा चावाही भरून आला होता. कुठे चावलं होतं तेही सापडेना.

आश्विनात शिंगं पिकली. सांबरराजाने ती सागाच्या खोडावर घासली, मखमलीच्या पट्ट्या सुटून पडल्या, आणि त्याने त्या स्वतः तिच्या ओंजळीत ठेवल्या.

"तू आणलेला बाण मी पुरला आहे," तो म्हणाला. "आता तुझ्या बापाने आपली राख पुरावी."

कार्तिकाच्या आदल्या दिवशी रेवंती दरबारात पोचली. राजाची शीळ आता दारापर्यंत ऐकू येत होती. भस्मनाथ पुढे झाला. "राजकन्ये, रानकुत्र्यांशी लढलीस म्हणतेस. खूण दाखव."

रेवंतीने हात पुढे केला. हात केळीच्या गाभ्यासारखा नितळ होता. दरबारात कुजबुज झाली.

राजाने कष्टाने विचारलं, "तुझ्या अंगावर खूण नाही?"

"नाही, तात."

"मग मी कशावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर."

राजा तिच्याकडे पाहत राहिला. सगळा जन्म त्याने माणसं वणांवरून मोजली होती, आणि समोर उभ्या लेकीच्या अंगावर मोजायला काहीच नव्हतं. "ठेव मखमल," तो म्हणाला.

मखमल लागताच वण खपलीसारखा सुटला आणि खळकन फरशीवर पडला. खाली पहिल्या दिवसाची जखम होती, ताजी, लाल. भस्मनाथ राख घेऊन धावला. सेनापती ओरडला, "महाराज, मान जाईल!" राजाने राखेचं ताट घेतलं आणि खिडकीतून खाली बागेत ओतलं. मग तो लेकीशेजारी पायरीवर बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, तिने दाखवले तसे. जखम आपल्या चालीने भरली. रेघ उरली नाही. राजाने खोल श्वास घेतला, शीळ वाजली नाही, आणि त्याने कितीतरी वर्षांनी दोन्ही हात वर करून लेकीला उचललं. त्या क्षणी साऱ्या राज्यातले वण गळून पडले. विणकरांनी बोटं मोकळी करून टाळ्या वाजवल्या. प्रधानजींनी मान वळवून पहिल्यांदा आपल्या बायकोकडे सरळ पाहिलं, आणि ती लाजली.

दुसऱ्या दिवशी मात्र घोळ झाला. वण नाहीत, तर कोणी कुठे बसायचं? सगळे मानकरी अंगणात ताटकळत उभे राहिले. तेवढ्यात राजा, मोकळ्या हातांच्या आनंदात, रेवंतीशी शर्यत लावून धावत आला, पायऱ्यांवर अडखळला आणि पडला. कोपर खरचटलं. रक्ताचा थेंब आला. सवयीने सगळ्यांचे हात कमरेकडे गेले, आणि तिथेच थांबले.

राजाने कोपराकडे पाहिलं. मग तो तिथेच, जमिनीवर, मांडी घालून बसला.

"बसा सगळे," तो म्हणाला. "थोडा वेळ लागेल."

आणि सारा दरबार, जिथे जागा मिळाली तिथे, बसला.