निजाईचं पाणी

एकदा काय झालं, तीन मैत्रिणी डोंगर उतरत होत्या.

चढल्या कशा, ते आज नाही सांगत. दोन दिवस लागले, तळपायांत काटे मोडले, एवढं पुरे. चढताना माणसाला हुरूप असतो, बरं का. उतरताना गुडघे बोलायला लागतात. तर तिघी उतरत होत्या आणि सहाही गुडघे कुरकुरत होते.

पुढं होती भिवरा. कोळ्याची लेक. पाण्यात मासोळी, आणि जमिनीवरही तशीच, एका जागी ठरायची नाही. मधे हौसा. तेल्याची सून, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ. आणि सगळ्यांत मागं दुरपदा. ती बुरुडीण, सुपं-टोपल्या विणायची. बोलायची कमी. तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भोपळा आणि भोपळ्यात पाणी.

कसलं पाणी? झोपेचं!

हसू नका. ऐका.

त्यांच्या गावाशी दोन नद्यांचा संगम होता आणि संगमावर निजाईचं देऊळ. काळ्या दगडाची एवढीशी देवी. तिचे डोळे कायम मिटलेले. ती निजलेली, म्हणून माणसं निजायची. पण त्या वर्षी श्रावणात असा पूर आला, असा पूर आला, की पाणी सत्तर पायऱ्या चढून देवळात शिरलं आणि तीन दिवस देवीवर आपटत राहिलं. पूर ओसरला. गुरवानं दार उघडलं. बघतो तर काय, देवीचे डोळे सताड उघडे!

त्या दिवसापासून कुणाला झोप म्हणून नाही.

पहिले आठ दिवस लोकांना गंमतच वाटली. सुतार म्हणाला, "बरं झालं, कामं उरकतील." मग त्याचे हात थरथरायला लागले. माणसं एकमेकांवर खेकसायला लागली. म्हशी आटल्या. कोंबडे आरवायचे थांबले, कारण उठवायचं कुणाला? पंधरा दिवस झाले आणि मग मात्र लहान मुलांचे हाल व्हायला लागले.

दुरपदाची बकुळ चार वर्षांची. आधी किरकिर करायची. मग रडायची. मग रडायचीही थांबली. नुसती आढ्याकडं बघत पडून राहायची. दूध ओठाला लावलं की गालावरून ओघळून जायचं. दुरपदानं थोपटलं, गाणी म्हटली, मोठी पोर तरी पाळण्यात घालून झोके दिले. डोळे उघडेच.

म्हातारा गुरव म्हणाला, "डोंगरमाथ्यावर टाकं आहे. देवी पहिल्यांदा तिथं निजली होती. ते पाणी आणा, तिच्या डोळ्यांना लावा. पण वाटेत भोपळा जमिनीला टेकवू नका. जमीन तहानलेली असते, पिऊन टाकील. आणि कुणी त्या पाण्याला तोंड लावू नका."

गावातले पाच गडी गेले. परत आले नाहीत. त्यांत हौसाचा नवरा होता, रावबा. मग एके दिवशी दुरपदानं बकुळला सासूच्या ओटीत घातलं आणि उठली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. ती निघाली म्हणून भिवरा निघाली, आणि भिवरा निघाली म्हणून हौसा निघाली, "तुम्हा दोघींना कुठं अक्कल आहे?" असं म्हणत.

तर आता पाणी मिळालं होतं आणि त्या उतरत होत्या.

पण पाणी झोपेचं ना! भोपळ्याच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवला होता, तरी त्याचा वास यायचा. ऊन खाल्लेल्या गोधडीसारखा वास. महिनाभर जागलेल्या माणसाच्या नाकाशी असा वास आला तर काय होईल? पाय शेणाचे झाले. डोळ्यांवर दगड ठेवल्यासारखं झालं. मग त्यांनी ठरवलं, भोपळा आळीपाळीनं घ्यायचा, आणि जिच्या डोक्यावर असेल तिला बाकीच्या दोघींनी चिमटे काढायचे. हौसाचे चिमटे फार जोराचे होते.

चढताना दुसरी वाट धरली होती; ह्या वाटेला अर्ध्या डोंगरावर एक पठार लागलं. कमरेएवढं गवत, वर गार वारा. आणि त्या गवतात पाच गडी ओळीनं झोपलेले! तहान लागली म्हणून बिचारे त्या टाक्याचं पाणी प्यायले होते. कशीबशी एवढी वाट उतरले आणि इथं आडवे झाले. दाढ्यांत गवताचं बी अडकलेलं, एकाच्या पागोट्यात चिमणीनं घरटं केलेलं.

हौसा रावबाशी जाऊन उभी राहिली. हलवलं. हाका मारल्या. शेवटी दोन शिव्या घातल्या. तो आपला घोरतोय.

मग ती फटकळ बाई एकदम खाली बसली. "मी इथंच राहते," म्हणाली. "तुम्ही दोघी व्हा पुढं."

भिवरा म्हणाली, "अगं, बसलीस तर झोपशील."

"झोपू दे की! महिना झाला, भिवरे. माझ्या हाडांतसुद्धा वाळू भरलीय. आणि माझा माणूस इथं आहे. खाली माझं कोण आहे?"

दुरपदाला राग आला नाही. उलट वाटलं, हिच्या शेजारी आपणही टेकावं. एवढंसंच. पाठ टेकायची आणि लगेच उठायचं. तिचे गुडघे वाकायलाही लागले. पण डोक्यावरचा भोपळा हलला, आत पाणी डुचमळलं, आणि तिला बकुळच्या गालावरून ओघळणारं दूध आठवलं.

ती म्हणाली, "हौसा, तो झोपलाय, मेला नाही. झोप पुरी झाली की उठून येईल. तू मात्र आत्ता उठ. मला एकटीला हे खाली न्यायचं होणार नाही."

हौसानं आपलं फडकं रावबाच्या तोंडावर टाकलं, ऊन लागू नये म्हणून, आणि हात पुढं केला. "ओढा मला," म्हणाली. दोघींनी ओढलं. मग तिघी पुन्हा उतरायला लागल्या.

खाली नदी लागली. जाताना त्यांनी भिवराची सांगड तिथं झुडपात लपवून ठेवली होती. सांगड म्हणजे काय, तर मोठे वाळके भोपळे एकत्र बांधायचे, वर बांबू, आणि त्यावर बसून नदी पार करायची. जाताना नदी संथ होती. आता वर कुठंतरी पाऊस झाला असणार. नदी तांबडी झाली होती आणि काठ खात चालली होती.

"उद्या जाऊ या का?" हौसानं विचारलं.

दुरपदा काठाशी जाऊन उभी राहिली. भिवरानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि सांगड पाण्यात लोटली.

मग काय विचारता! सांगड गरगर फिरली, वर गेली, खाली आली. भिवरा बांबूनं रेटा देत होती आणि ओरडत होती, "डावीकडं झुका! आता उजवीकडं!" भोपळा तिनं स्वतःच्या पोटाशी पदरानं बांधला होता, कारण पाण्याची सवय तिलाच. पार मध्यावर आल्या आणि समोर भोवरा. गावातली विहीर मावेल एवढा. सांगडीला असा हिसका बसला की भोपळा पदरातून निसटला, बांबूवर आपटला आणि बोळा उडाला. अर्धं पाणी भिवराच्या पदरावर सांडलं, अर्धं नदीत. रिकामा भोपळा वाहून गेला.

आणि काय नवल सांगू! नदी झोपली.

भोवरा फिरता फिरता थांबला. लाटा एकेक करून आडव्या झाल्या. मासे वर आले आणि तोंडं उघडी टाकून तरंगत राहिले. सगळीकडं चिडीचूप. आणि सांगडीवर भिवराही झोपली, बांबू हातात धरून.

"हात मार!" दुरपदा ओरडली. तिला पोहता येत नव्हतं, हौसालाही नाही. दोघी पालथ्या पडल्या आणि हातांनी पाणी मागं ओढायला लागल्या. झोपलेलं पाणी फार जड असतं, बरं का. खांदे भरून आले. काठ चार हात राहिला तेव्हा मागून खळखळ ऐकू आली. नदीला जाग येत होती! दोघींनी भिवराला काखेत धरलं आणि चिखलात उड्या टाकल्या. मागं सांगड गेली ती गेलीच.

मग दोघी चिखलात बसून राहिल्या. भोपळा नाही, पाणी नाही. हौसा रडायला लागली. दुरपदाला रडूही येईना, एवढी ती दमली होती.

जरा वेळानं हौसा म्हणाली, "हिला इथं सावलीत ठेवू. देऊळ अजून कोसभर. आपण जाऊन गुरवाला सांगू, नाही जमलं म्हणून."

दुरपदा म्हणाली, "नाही. कोल्ही आहेत इथं. तिला सोडून जायचं नाही."

"अगं, आपल्यालाच चालवत नाही!"

"नाही चालवत. तरी न्यायची."

आणि तिनं भिवराला पाठीवर घेतलं. दहा पावलं चालली, की हौसा घ्यायची. मग पुन्हा दहा पावलं दुरपदा. अशा निघाल्या.

पुढं देवळाची वाट लागली. वाटेवर यात्रेकरू चालले होते. आसपासच्या सात गावांतली माणसं, देवीला साकडं घालायला निघालेली. पण यात्रा कसली, टाळ नाही, गाणं नाही. लाल डोळ्यांची माणसं मुकाट्यानं पाय ओढत होती. ह्या दोघी त्यांच्यात मिसळल्या. कुणी विचारलंसुद्धा नाही, पाठीवर कोण आहे म्हणून.

एक म्हातारी दुरपदाच्या शेजारून काठी टेकत चालली होती. अचानक ती थांबली. तोंड उघडलं, मोठ्ठं उघडलं, आणि… हाऽऽ!

"अगंबाई!" म्हातारी म्हणाली. "मला जांभई आली!"

तिच्या मागच्या घोंगडीवाल्यालाही आली. मग त्याच्या बायकोला. महिनाभरात कुणाला जांभई आली नव्हती, आणि आता भिवराच्या जवळून जो जाईल तो जांभई देतोय! दुरपदानं मान वळवली. नाकाशी भिवराचा पदर आला. ऊन खाल्लेल्या गोधडीचा वास.

"हौसा! पाणी आहे! पदरात आहे!"

मग तिनं वर बघितलं. भर दुपार. माथ्यावर ऊन. पदराच्या कडा वाळून पांढऱ्या पडायला लागल्या होत्या.

दुरपदानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, जन्मात एवढं बोलली नव्हती ती. "हे देवीचं पाणी आहे. वाळायच्या आत वर न्यायचंय. माझी पोर महिनाभर निजली नाही. तुमचीही नसतील निजली. मला सावली करा!"

आधी कुणी हललं नाही. दमलेल्या माणसाला ऐकलेलं कळायलाही वेळ लागतो. मग त्या घोंगडीवाल्यानं आपलं घोंगडं भिवरावर धरलं. दुसऱ्यानं धोतर सोडून धरलं, आणि तो लंगोटीवरच चालला! बायकांनी पदर धरले. चार जणांनी भिवराला उचललं. देवळाला सत्तर पायऱ्या. उचलणारे झोपेनं पेंगायचे, की दुसरे चौघे खांदा द्यायचे. पडत, धडपडत सगळे वर पोचले.

निजाई डोळे वटारून बसली होती. दुरपदानं पदर तिच्या डोळ्यांवर धरला आणि पिळला. काही नाही. पुन्हा पिळला. एक थेंब आला. देवीचा डावा डोळा मिटला. मग आणखी एक. उजवा डोळा अर्धाच मिटला. आता तिसरा थेंब काही येईना. हौसानं पदराचं दुसरं टोक धरलं. दोघींनी उलटसुलट पीळ दिला, हौसाच्या दोन बांगड्या वाढल्या, मनगटातून रक्त आलं. आणि आला बाई, मोहरीएवढा थेंब आला!

देवीनं डोळे मिटले.

झालं! गुरव घंटेची दोरी धरूनच झोपला. हौसा उंबऱ्यावर आडवी झाली. यात्रेकरू पायऱ्यांवर जिथल्या तिथं, धोतर सोडलेला तसाच. आभाळात घारसुद्धा फांदी शोधायला लागली.

एकटी दुरपदा झोपली नाही. तिला घरी जायचं होतं. महिनाभर जिची वाट बघितली ती झोप आता तिला खाली ओढत होती, आणि ही बाई ओठ चावत, भिंती धरत, पायऱ्या बसून बसून उतरत होती. गावात सगळीकडं घोरणं. सुतार रंध्यावर डोकं ठेवून, कुत्री उन्हात, म्हशी दावणीला. दुरपदा घराशी आली. दार ढकललं.

सासू भिंतीला टेकून झोपली होती. तिच्या ओटीत बकुळ. तोंड उघडं, ओठांवर दुधाचा फेस, आणि डोळे मिटलेले. इवलंसं पोट वर-खाली होत होतं.

दुरपदानं तिला हात लावला नाही. पायांचा चिखलही धुतला नाही. शेजारी जमिनीवरच पडली, आणि पोरीचा श्वास मोजता मोजता तिसऱ्या श्वासाला झोपली.

तीन दिवस सगळे झोपले होते म्हणे. मग उठले. डोंगरावरचे पाच गडीही उठून खाली आले, आणि हौसानं रावबाला दारातच विचारलं, "एवढा वेळ?" भिवरानं नवी सांगड बांधली. म्हशी दुधाला आल्या, बकुळ भात मागायला लागली, आणि सगळे सुखानं राहिले, दमले की निजायला लागले.

आता तुम्हीही दमलात. मीही दमले. पांघरूण वर ओढा… पाय आत घ्या… हं. निजा आता.