काळ्या बिअरचा कौल

“सर, एवढंच सांगा... चांगली झालीय की नाही?”

चारुतानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

डाबरे सर केळीच्या आळ्यात पाण्याची नळी धरून उभे होते. त्यांनी नळी एका बुंध्यावरून उचलली आणि दुसऱ्या बुंध्याशी सोडली.

“बाटली अजून फार गार आहे, चव कळायची नाही,” ते म्हणाले.

बाटली ओट्यावर सावलीत उभी होती. तिच्या अंगावरून पाण्याचे ओघळ उतरत होते. चारुता त्या ओघळांकडे अशी बघत होती, जणू परीक्षेचा निकाल त्यांतूनच ठिबकणार आहे.

अंतोन डाबरे यांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या कारखान्यांत बिअर गाळण्यात गेला होता. आता ते वसईतल्या आपल्या वाडीत केळी लावून स्वस्थ बसले होते. पण कुणी नवी ब्रुअरी काढली, की पहिली बाटली घेऊन त्यांच्या ओट्यावर यायचंच, असा एक रिवाज पडून गेला होता. त्यांनी कुणाची बिअर वाखाणल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. नावं ठेवल्याचंही नाही. तरी माणसं समाधानानं परत जात, आणि कशाचं समाधान झालं ते मात्र त्यांना सांगता येत नसे.

चारुता शेवडे पुण्याहून पहाटेच निघाली होती, बर्फाची पेटी मांडीवर घेऊन. पेटीत तिनं स्वतः केलेली पहिली बिअर होती. काळी कुळकुळीत, आणि हॉप्सची वाळलेली फुलं सढळ हातानं घालून कडू केलेली.

ब्रुअरीचे मालक भोसेकर काल तिला म्हणाले होते, “टाकी भरून पडलीय. चांगली असेल तर उद्या संध्याकाळी नळाला लावू, गिऱ्हाइकांना पाजू. नसेल तर गटारात सोडू. तू म्हणशील तसं.”

तू म्हणशील तसं! त्या तीन शब्दांनी तिची झोप उडवली होती. भोसेकर ओरडले असते तर परवडलं असतं. आल्या आल्या तिनं हे सगळं सरांना सांगून टाकलं होतं.

“सर, आता?”

“आता बघू.”

सरांनी नळ बंद केला, हात पुसले, दोन ग्लास आणले. बिअर ओतली. फेस वर आला, उकळत्या काकवीसारखा तांबूस. सरांनी आपला ग्लास उन्हासमोर धरला. काळ्याच्या कडेला लालसर रेघ उमटली. मग त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे अर्धवट मिटले, आणि ओट्यावर ठेवून दिला.

“घे.”

चारुतानं घोट घेतला. तोंडातल्या तोंडात फिरवला. आणि जास्वंदीच्या बुडाशी नीट नेम धरून थुंकून टाकला.

सर तिच्याकडे बघतच राहिले.

“हे काय?”

“थुंकले, सर.”

“ते दिसलं.”

“नाशिकला वाइनच्या कोर्सला असंच शिकवलं होतं. दिवसभर चाखायचं असतं ना... डोकं ताळ्यावर राहतं.”

“कडू कुठे लागतं गो बाय?”

चारुतानं जीभ टाळूला लावून पाहिली.

“मागे. पार गळ्यापाशी.”

“मग घोट तिथवर नेलास?”

ती ओशाळली. दुसरा घोट घेतला, आणि या वेळी गिळला. मग घसा खाकरून, वर्गात उभं राहून बोलावं तसं बोलू लागली.

“कॉफी. कडू चॉकलेट. भाजक्या धान्याचा वास. करपलेल्या भाकरीची कड. थोडी...”

सर उठून आत गेले. येताना त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. तिच्या ग्लासातली बिअर त्यांनी त्या पेल्यात ओतली.

“डोळे मीट.”

तिनं मिटले. प्यायली.

“...संत्र्याची साल,” ती हळूच म्हणाली. “वाळवलेली. पेरूचं पान चुरगळल्यावर येतो तसा वास. आणि...”

ती थांबली. डोळे खाडकन उघडले.

“सर, कॉफी गेली!”

“कुठे गेली?”

“नाहीये! आत्ता होती.”

“भाजून काळे केलेले जव किती घातले होतेस?”

“चिमूटभर. साल काढलेले. फक्त रंगापुरते.”

“मग कॉफी कुणी घातली?”

चारुतानं पेल्यात वाकून पाहिलं, जणू कॉफी बुडाशी लपून बसली असेल.

“म्हणजे काळी दिसली म्हणून मीच...” ती पुटपुटली. आणि लगेच नवी धास्ती बसली. “पण सर, लोकसुद्धा काळी बघून कॉफीच शोधणार! नाही मिळाली तर म्हणतील, फसवलं. म्हणजे माझी चुकलीच ना?”

सरांची भुवई वर गेली.

“चुकली,” चारुता म्हणाली. “मला वाटलंच होतं.”

सरांनी भुवईवर चापट मारली.

“डास,” ते म्हणाले.

“म्हणजे नाही चुकली?”

सरांनी सुस्कारा सोडला. तांब्यातलं पाणी प्यायले आणि त्यांना ठसका लागला.

“कडू जास्त झाली ना? खरं सांगा. मी शेवटच्या दिवशी हॉप्स पुन्हा घातले होते, तिथेच हात...”

“अगो, पाण्याचा ठसका आहे हा!”

स्वयंपाकघरात बोंबील तळणाऱ्या सरांच्या पत्नी सिसिलियाकाकूंना राहवेना. आतूनच आवाज आला, “पोरी, त्यांच्या तोंडाकडे बघून मी कालवणात मीठ घातलं असतं ना, तर हे घर केव्हाच अळणी मेलं असतं!”

चारुताला हसू आलं नाही. तिच्या पर्समधला फोन थरथरला, तशी ती दचकून उभीच राहिली. भोसेकर. तिनं तो तसाच वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला.

“सर,” तिचा आवाज आता कापत होता, आणि तो रागानं कापतोय की रडू येतंय म्हणून, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. “मी पहाटे चारला उठलेय. तीन गाड्या बदलल्यात. तुम्ही केळीला पाणी घालता, डोळे मिटायला लावता, कॉफी पळवता... आणि एक शब्द बोलत नाही! हो म्हणा, नाही म्हणा. काय जातं तुमचं?”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय? मी आत्ताच नसलेली कॉफी चाखली! या जिभेवर कोण विश्वास ठेवेल? म्हणून तर तुमच्याकडे आले.”

“म्हणजे तुला कळत नाही.”

“नाही कळत.”

“बरं.”

सरांनी ओट्यावरची बाटली उचलली. शांतपणे पायरी उतरले, केळीच्या आळ्याशी गेले, आणि बाटली उलटी केली.

भक्... भक्... भक्.

चारुता चपला न घालता चिखलातून धावली आणि तिनं सरांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

“अहो! अहो सर, काय करताय?”

“ओततोय.”

“पण का?”

“तुला कळत नाही म्हणालीस. टाकीभर पुण्यात ओतायचीच आहे. इथून सुरुवात.”

“पण वाईट आहे असं कोण म्हणालं?”

“चांगली आहे असं तरी कोण म्हणालं?”

“मी म्हणतेय!”

बाटली हिसकावून तिनं छातीशी धरली. बाटलीच्या तोंडातून फेस तिच्या कुर्त्यावर उतरत होता, पण तिला त्याचं भान नव्हतं.

“चांगली आहे ती! कॉफी नाही तर नाही. मला कॉफी करायचीच नव्हती. अंधारात संत्रं सोलल्यासारखी लागायला हवी होती, आणि तशीच लागतेय. कडू आहे, पण ओरखडत नाही. घोट उतरला की जीभ कोरडी होते, आणि हात आपोआप ग्लासाकडे जातो. शेवटी जराशी राख लागते. लागते, मान्य आहे मला! पुढच्या वेळी ते काळे जव आणखी कमी करीन. पण तेवढ्यासाठी अख्खी टाकी गटारात? बाळ काळं निघालं म्हणून कुणी टाकून देतं का? नाही ओतायची. संध्याकाळी नळाला लावणार आहे. पहिला ग्लास मी स्वतः भरून देणार आहे, आणि कुणाला नाही आवडली तर त्यानं माझ्या तोंडावर सांगावं!”

काकू झारा हातात घेऊन दारात आल्या होत्या. बोंबील मागे चरचरत राहिले.

केळीच्या बुडाशी तांबूस फेस हळूहळू मातीत जिरत होता.



चारुतानं ओट्यावर येऊन पर्स उघडली. भोसेकरांचा नंबर लावला. “नळाला लावा,” एवढंच म्हणाली, आणि त्यांनी काही विचारायच्या आत फोन ठेवला.

सर पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. ती त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. चिखलाचे पाय, ओला कुर्ता.

काकू पुन्हा बोंबलांकडे वळल्या.

मग ती जुनी भीती, मांजर दारातून पुन्हा आत शिरावं तशी, हळूच परतली.

“सर...”

“हं.”

“तुम्हालाही तशीच लागली ना? संत्र्यासारखी?”

सरांनी आपल्या ग्लासाकडे पाहिलं. त्यावरचा फेस बसला होता. बिअर ओतली होती तेवढीच होती. तिच्यावर एक चिलट तरंगत होतं. त्यांनी ते करंगळीनं अलगद काढलं.

“मी अजून चाखली कुठे आहे?” ते म्हणाले.